जिनो बार्ताली : शर्यत, श्रद्धा आणि मौन

संत पौलाने करिंथ येथील ख्रिस्ती मंडळीला पहिले पत्र लिहिले, तेव्हा त्या शहरापासून जवळच असलेल्या इस्थमिया या ठिकाणी दर दोन वर्षांनी मोठा क्रीडामहोत्सव भरत असे. धावपटू, मल्ल, मुष्टियोद्धे तेथे जमत आणि विजेत्याच्या मस्तकावर पानांचा मुकुट चढविला जाई. ती पाने काही दिवसांत वाळून जात. पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने शर्यतीचा जो दाखला दिला आहे, तो करिंथकरांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. ते दृश्य त्यांच्या नेहमीच्या पाहण्यातले होते. खेळाडूचे कठोर पथ्य, त्याचा इंद्रियनिग्रह आणि त्याला मिळणारा नाशवंत मुकुट यांवरून अविनाशी मुकुटाकडे बोट दाखविणे एवढाच पौलाचा हेतू होता.

परंतु पौलाने एक प्रश्न आपल्यासाठी शिल्लक ठेवला. ज्याचा उदरनिर्वाहच शर्यतीवर चालतो, त्याने ख्रिस्ताचा अनुयायी कसे व्हावे? आज मैदानात उतरताना क्रुसाची खूण करणारे आणि विजयानंतर आकाशाकडे हात उंचावणारे कितीतरी खेळाडू आपण दूरदर्शनच्या पडद्यावर पाहतो. त्यांच्या भक्तीविषयी शंका घेण्याचा अधिकार आम्हांला नाही. तथापि श्रद्धा माणसाच्या जीवनाला वळण देते म्हणजे नेमके काय करते, हे पडद्यावरच्या त्या क्षणावरून कळत नाही. त्यासाठी एखाद्या खेळाडूचे सबंध आयुष्य तपासावे लागते. प्रस्तुत लेखात आम्ही इटलीचा सायकलपटू जिनो बार्ताली याचे आयुष्य वाचकांपुढे ठेवीत आहोत.

फ्लॉरेन्सच्या वेशीवरचा मुलगा

जिनोचा जन्म १८ जुलै १९१४ रोजी फ्लॉरेन्स शहराला लागून असलेल्या पोन्ते आ एमा या गावी झाला. वडील तोरेल्लो हे रोजंदारीवर राबणारे मजूर. घर गरीब, पण प्रार्थनेत मुरलेले. मुलगा गावातील सायकल-दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला आणि तेथेच त्याला शर्यतीचा नाद लागला. लहान वयातच तो ‘कॅथॉलिक अॅक्शन’ या प्रापंचिकांच्या चळवळीचा सभासद झाला होता.

त्या काळी इटलीत हे सभासदत्व साधी गोष्ट नव्हती. मुसोलिनीच्या राजवटीला देशातील सर्व तरुण आपल्या संघटनांत हवे होते. १९३१ साली सरकारने कॅथॉलिक अॅक्शनच्या युवकशाखांवर घाला घातला, तेव्हा अकरावे पायस यांनी खास परिपत्रक काढून त्याचा जाहीर निषेध केला होता. अशा वेळी कोटावर त्या चळवळीचे पदक लावून हिंडणे म्हणजे आपली निष्ठा कोठे आहे हे उघड सांगण्यासारखेच होते.

बार्ताली १९३५ साली व्यावसायिक सायकलपटू झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाची बावीस वर्षे पूर्ण होण्याआधी, त्याने ‘जिरो दि’तालिया’ ही इटलीची सर्वांत मोठी शर्यत जिंकली. हा आनंद जेमतेम एक आठवडा टिकला. त्याचा धाकटा भाऊ ज्युलियो हाही होतकरू सायकलपटू होता. जून १९३६ मध्ये एका शर्यतीत त्याची मोटारीशी टक्कर झाली व त्या दुखापतीतून तो उठला नाही. ज्या सायकलीने घराला नाव मिळवून दिले होते, तिनेच घरातला मुलगा नेला. जिनोने शर्यती सोडून देण्याचे जवळजवळ ठरविले होते. बऱ्याच समजावणीनंतर तो परतला, पण परतलेला माणूस पूर्वीचा राहिला नव्हता. १९३७ साली तो कार्मेली तृतीय संघात, म्हणजे प्रपंचात राहून कार्मेली आध्यात्मिकता जगणाऱ्यांच्या संघात, दाखल झाला. लिझ्यूच्या संत तेरेजावर त्याची विशेष भक्ती होती. मठाच्या चार भिंतींत, कोणाच्याही नजरेस न येणारी लहानसहान कामे प्रेमाने करीत राहण्याचा मार्ग शिकविणारी ही संत. आणि हजारोंच्या टाळ्यांत जगणारा हा सायकलपटू! दोघांचे सख्य वरवर पाहता विचित्र वाटते. पुढील हकिकत वाचल्यावर मात्र ते तसे वाटणार नाही.

संघात त्याने ‘तार्चिसियो’ हे नाव घेतले. संत तार्चिसियस हा प्राचीन रोममधील तरुण. छळाच्या काळात तो पवित्र ख्रिस्तशरीर वस्त्राआड लपवून नेत होता आणि ते दुसऱ्यांच्या हाती पडू नये म्हणून त्याने मरण पत्करले, अशी परंपरा आहे. काहीतरी मौल्यवान लपवून वाहून नेण्याची वेळ आपल्यावरही येईल, याची कल्पना त्या वेळी बार्तालीला असणे शक्य नव्हते.

पॅरिसमधील पुष्पगुच्छ

१९३७ साली बार्तालीने पुन्हा जिरो जिंकली. त्याच उन्हाळ्यात त्याला फ्रान्समधील ‘टूर द फ्रान्स’ या शर्यतीला पाठविण्यात आले. आघाडीवरच्या खेळाडूचा पिवळा अंगरखा त्याच्या अंगावर असतानाच आल्प्स पर्वतात तो एका थंडगार ओढ्यात कोसळला आणि थोड्याच दिवसांत त्याला माघार घ्यावी लागली. पुढल्या वर्षी, १९३८ साली, त्याने तीच शर्यत जिंकून दाखविली.

राजवटीला या विजयाचा मोठा उपयोग होता. इटालियन वंशाच्या श्रेष्ठत्वाचा डंका पिटण्याचे ते दिवस होते. त्याच शरद ऋतूत ज्यूंच्या विरुद्धचे वंशभेदी कायदे जारी झाले. विजेत्याने आपला विजय ‘दुचे’च्या, म्हणजे मुसोलिनीच्या चरणी अर्पण करावा, ही अपेक्षा होती. बार्तालीने ते केले नाही. आपला पुष्पगुच्छ घेऊन तो पॅरिसमधील विजयमातेच्या मंदिरात गेला आणि तो त्याने पवित्र मरियेच्या पायाशी ठेवला. त्याने भाषण केले नाही, घोषणा दिली नाही. पण रोममध्ये या कृतीचा अर्थ बरोबर समजला. बार्तालीविषयी केवळ खेळाडू म्हणून लिहावे, त्याच्या खासगी जीवनाची वर्णने छापू नयेत, अशी सूचना वृत्तपत्रांना देण्यात आली. दाबून टाकण्याचे खासगी जीवन म्हणजे अर्थातच त्याची मिस्सा, त्याची प्रार्थना आणि त्याचे ते पदक.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. बार्ताली हा काही राजकारणी नव्हता; बंड करण्याचा त्याचा पिंडही नव्हता. परंतु आपले पाय, आपला घाम आणि आपला विजय कोणाच्या मालकीचा आहे, हे त्याच्या मनात पक्के होते. श्रद्धेने त्याच्या पायांत अधिक बळ घातले की नाही, हे सांगता येत नाही. मात्र त्या बळाचा मालक कोण, हे तिने ठरवून टाकले होते.

नळीत दडविलेले कागद

नोव्हेंबर १९४० मध्ये बार्तालीचा विवाह आद्रियाना बानी हिच्याशी झाला. विवाहविधी फ्लॉरेन्सचे आर्चबिशप कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी स्वतः चालविला. याच कार्डिनलांनी १९३८ साली हिटलर व मुसोलिनी यांच्या फ्लॉरेन्स-भेटीच्या स्वागतसमारंभात सहभागी होण्याचे नाकारले होते.

सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती जाहीर केली आणि उत्तर व मध्य इटली जर्मन सैन्याच्या ताब्यात गेली. ज्यूंची धरपकड सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये फ्लॉरेन्समध्येच छापे पडले व शेकडो माणसे मृत्युछावण्यांकडे रवाना झाली. शहरातील ज्यूंची मदत समिती आणि कार्डिनलांनी नेमलेले धर्मगुरू यांनी मिळून निर्वासितांना मठांत, कॉन्व्हेंटांत व घरांत लपविण्याचे काम हाती घेतले. समितीचे एक आधारस्तंभ, तरुण रब्बी नाथान कास्सुतो, पकडले गेले आणि परत आले नाहीत. तिकडे असिसी येथे बिशप ज्युसेप्पे निकोलिनी, धर्मगुरू आल्दो ब्रुनाच्ची आणि फ्रान्सिस्कन मठाचे रुफिनो निकाच्ची हेही हेच काम करीत होते. लपलेल्या माणसाला निवारा व अन्न यांबरोबर आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे खोट्या नावाचे ओळखपत्र. असिसीतील एक छापखानेवाले, लुईजी ब्रीझी, व त्यांचा मुलगा त्रेन्तो ही पत्रे गुपचूप छापून देत.

बार्तालीशी निगडित असलेली हकिकत अशी : कार्डिनल दाल्ला कोस्ता यांच्या सांगण्यावरून तो फ्लॉरेन्सहून लपलेल्यांची छायाचित्रे घेऊन असिसीला जाई आणि तयार ओळखपत्रे घेऊन परत येई. एका बाजूचे अंतर सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. कागदांची गुंडाळी सायकलच्या सांगाड्याच्या पोकळ नळ्यांत सरकवलेली असे. आसन काढले की नळीचे तोंड उघडे होते, हे सायकल खोलून पाहिलेल्या कोणालाही माहीत आहे. रस्त्यावर सैनिकांनी अडविले तर उत्तर तयार होते : बार्ताली सराव करीत आहे. लांब पल्ल्याच्या सायकलपटूने दिवसभर रस्त्यावर असणे कोणालाच वावगे वाटत नसे. शिवाय त्याचे नाव व चेहरा सर्वांना ठाऊक. ज्या प्रसिद्धीवर राजवटीला मालकी हवी होती, तीच आता तिच्या बळींच्या उपयोगी पडली.

याशिवाय गोल्डनबर्ग नावाच्या एका ज्यू कुटुंबाला त्याने फ्लॉरेन्समधील आपल्या मालकीच्या घरात आणि पुढे धोका वाढल्यावर तेथील तळघरात आसरा दिला. या कुटुंबातील त्या वेळी लहान असलेला मुलगा ज्योर्जो याने वृद्धापकाळी त्याची साक्ष दिली. ज्यूंना लपविणाऱ्याला त्या दिवसांत मृत्युदंड होऊ शकत होता आणि बार्तालीच्या घरी लहान मूल होते.

१९४४ च्या उन्हाळ्यात त्याला ‘व्हिल्ला त्रिस्ते’, म्हणजे ‘दुःखाचा बंगला’, या नावाने कुप्रसिद्ध झालेल्या इमारतीत चौकशीसाठी बोलावण्यात आले. तेथील अधिकाऱ्याचे आडनाव कारिता. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘दया’, आणि हा मनुष्य कैद्यांच्या छळाबद्दल साऱ्या शहरात बदनाम होता. बार्तालीने केलेल्या मदतीबद्दल आभार मानणारे व्हॅटिकनचे पत्र त्यांच्या हाती लागले होते व ती मदत शस्त्रांची असावी असा संशय होता. आपण गरजूंना पीठ, साखर, कॉफी धाडली, असे बार्तालीने सांगितले. अखेर त्याला सोडून देण्यात आले. काही आठवड्यांतच फ्लॉरेन्स मुक्त झाले.

इतिहासाची साक्ष

हे सारे वाचून कोणाचेही मन भरून येईल. परंतु इतिहास लिहिणाऱ्याने भरल्या मनानेही तराजू हातातून खाली ठेवू नये. असिसीच्या सायकल-प्रवासांची हकिकत जगभर गाजली ती १९७८ साली अलेक्झांडर रमाती यांनी रुफिनो निकाच्ची यांच्या आठवणींवरून लिहिलेल्या पुस्तकामुळे. ते पुस्तक कादंबरीच्या अंगाने लिहिलेले आहे. युद्धकाळातील लेखी पुरावा अत्यल्प आहे. गुप्त कामाची कोणी नोंदवही ठेवीत नाही, हे खरे; पण त्यामुळे पुराव्याची उणीव भरून निघत नाही, हेही तितकेच खरे. म्हणून इटलीतील ज्यूंच्या छळाचे अभ्यासक मिकेले सार्फात्ती यांनी २०१७ साली या प्रवासांविषयी जाहीर शंका उपस्थित केली आणि त्यावर वाद झाला. आठशे ज्यू त्याने वाचविले, असा आकडाही ठिकठिकाणी छापला जातो. एकट्या माणसाच्या नावावर एवढा आकडा मांडणे आम्हांला योग्य वाटत नाही. ते काम अनेकांचे होते.

दुसऱ्या बाजूला, जेरुसलेम येथील ‘याद वाशेम’ या संस्थेने वाचलेल्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या साक्षी तपासून २०१३ साली बार्तालीला ‘राष्ट्रांतील नीतिमान’ हा सन्मान मरणोत्तर दिला, आणि शंका व्यक्त झाल्यावरही तो कायम राहिला. कार्डिनल दाल्ला कोस्ता यांना तो आदल्याच वर्षी मिळाला होता. तळघरात राहिलेल्या मुलाची साक्ष तर कोणाच्या पुस्तकावर अवलंबून नाही. एकच कुटुंब वाचले असते तरी त्या कुटुंबाच्या दृष्टीने सारे जग वाचले होते. आपल्या धर्मबांधवाचे मोठेपण सांगताना आकडा फुगविण्याचा मोह होतो. पण सत्याचा देव अतिशयोक्तीच्या टेकूवर उभा नाही.

लेखी पुरावा कमी असण्याचे एक कारण स्वतः बार्ताली होता. तो याविषयी बोलतच नसे. मुलगा आंद्रेया याला त्याने थोडेथोडे सांगितले, तेही कोठे न बोलण्याच्या अटीवर. चांगले काम करावे, सांगत सुटू नये, अशी त्याची धारणा होती. काही पदके कपड्यावर नव्हे तर आत्म्यावर लावायची असतात, अशा आशयाचे तो बोले. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण आपण सर्वांनी प्रवचनांत ऐकली आहे. जगाने हातात लेखणी व कॅमेरे घेऊन ज्याचा पिच्छा पुरविला, त्या माणसाने ती अर्धशतक पाळली.

निशाणाचा मोह

युद्धाने सायकलपटूच्या उमेदीची पाच-सहा वर्षे गिळली होती. तरीही बार्तालीने १९४६ साली पुन्हा जिरो जिंकली. १९४८ च्या टूरमध्ये तो चौतिशीला टेकला होता आणि फ्रान्सच्या लुईझों बोबेपेक्षा एकवीस मिनिटांहून अधिक मागे पडला होता. १४ जुलै रोजी रोममध्ये कम्युनिस्ट नेते पाल्मिरो तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. संप, दंगली, रस्त्यांवर रक्त. देश यादवीच्या उंबरठ्यावर आला. त्या रात्री पंतप्रधान आल्चिदे दे गास्पेरी यांनी बार्तालीला दूरध्वनी करून विजयाची गळ घातली. दुसऱ्या दिवशी आल्प्सच्या घाटांत त्याने ब्रियान्सोंचा टप्पा जिंकला. त्यानंतरचे दोन टप्पेही जिंकले. दहा वर्षांच्या अंतराने त्याने ही शर्यत पुन्हा जिंकली आणि दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला तब्बल सव्वीस मिनिटे मागे टाकले.

बार्तालीने इटलीला यादवी युद्धातून वाचविले, असे तेव्हापासून म्हटले जाते. खरे पाहता तोल्याती यांनी स्वतःच अनुयायांना शांत राहण्यास सांगितले होते आणि कामगार संघटनांनीही संप आवरता घेतला होता. तापलेल्या देशाला आनंदाचा एक समान विषय मिळाला, एवढे श्रेय बार्तालीला निःसंशय आहे.

पण या काळात दुसराच धोका निर्माण झाला होता. पूर्वी राजवटीला त्याचे पाय हवे होते. आता स्वकीयांना त्याची श्रद्धा निशाण म्हणून हवी होती. १९४७ साली बाराव्या पायस यांनी कॅथॉलिक अॅक्शनच्या मेळाव्यात त्याचे उदाहरण दिले, ते उचितच होते. राजकीय पक्षांनी मात्र ‘धार्मिक’ बार्ताली विरुद्ध ‘आधुनिक’ कोप्पी अशी विभागणी उभी केली. त्याचा प्रतिस्पर्धी फाउस्तो कोप्पी हाही कॅथॉलिक घरातलाच होता, हे सोयीस्करपणे विसरले गेले.

स्वतः बार्ताली निशाणासारखा गुळगुळीत नव्हता. तो तिरसट होता, सिगारेट ओढी, सर्वच चुकले आहे, सर्वच नव्याने केले पाहिजे, अशी कुरकुर करी. कोप्पी उत्तेजक घेतो या संशयाने त्याने एकदा कोप्पीने शर्यतीत फेकलेली कुपी नंतर शोधून काढून तपासायला दिली. तिच्यात साधे टॉनिक निघाले. ही गोष्ट त्याने स्वतःच पुढे सांगितली. श्रद्धावान माणूस निर्दोष असतो असा समज आपल्या घरांतही आहे, आणि त्यापायी दोष दिसताच श्रद्धाच खोटी ठरविण्याची घाई होते. बार्तालीचे चरित्र या दोन्ही समजांना उत्तर देते.

१९५२ च्या टूरमधील एक छायाचित्र इटलीत घरोघरी माहीत आहे. घाट चढताना दोघांपैकी एक दुसऱ्याच्या हाती पाण्याची बाटली देत आहे. कोणी कोणाला दिली, हा वाद आजवर मिटलेला नाही, आणि तो न मिटलेलाच बरा. आदल्या वर्षी कोप्पीचा भाऊ सेर्से शर्यतीतील अपघातानंतर मरण पावला होता. तो घाव काय असतो हे जिनोला ठाऊक होते. पुढे कोप्पीचा संसार मोडला, त्याच्यावर खटला झाला, ख्रिस्तसभेतील अनेकांनी त्याच्याकडे पाठ फिरविली. बार्तालीला विवाहाचे पावित्र्य पूर्ण मान्य होते. तरी त्याने मैत्री तोडली नाही. १९६० च्या मोसमासाठी त्याने उतरत्या काळातील कोप्पीला आपल्या संघात घेतले. तो मोसम कोप्पीने पाहिला नाही. २ जानेवारी १९६० रोजी मलेरियाने त्याचा अंत झाला. कोमो सरोवरावरील गिझाल्लोच्या मातेच्या छोट्या मंदिरात आज दोघांच्याही सायकली आहेत. १९४९ साली बाराव्या पायस यांनी या मातेला सायकलपटूंची आश्रयदात्री घोषित केले.

आपल्यापुढील प्रश्न

जिनो बार्ताली ५ मे २००० रोजी निवर्तला. कार्मेली झगा पांघरून त्याला त्याच्या गावी मूठमाती देण्यात आली. विजेत्याचे अंगरखे त्याच्यापाशी पुष्कळ होते. शेवटच्या प्रवासाला त्याने हा निवडला.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात खेळाचा उल्लेख मानवाच्या मनाचा तोल राखणारी व माणसांत बंधुभाव वाढविणारी गोष्ट म्हणून केला आहे. आपल्या धर्मग्रामांतील मुले-मुली आज निरनिराळ्या खेळांत पुढे येत आहेत आणि काहींसमोर तो पोटाचा व्यवसाय म्हणूनही उभा आहे. त्यांच्या आईवडिलांना आम्ही एवढेच सुचवू इच्छितो : मुलाने मैदानात उतरताना क्रुसाची खूण करावी, हे शिकवा, पण ती खूण यशाची किल्ली म्हणून शिकवू नका. प्रार्थना करूनही बार्ताली अनेकदा हरला, आणि प्रार्थना करणाऱ्या भावाला मृत्यूने सोडले नाही. हरल्यावर, भाऊ गेल्यावर, सत्ताधीशाने गळ घातल्यावर, प्रतिस्पर्धी संकटात सापडल्यावर माणूस कसा वागतो, यावर त्याची श्रद्धा पारखली जाते. आणि देवाने दिलेले शरीरबळ ज्यांच्यापाशी काहीच उरलेले नाही अशांच्या उपयोगी पडले, तर तेथे टाळ्या नसल्या तरी हरकत नाही.

पौलाने ज्या अविनाशी मुकुटाविषयी लिहिले, तो प्रेक्षकांसमोर चढविला जात नाही. फ्लॉरेन्सच्या त्या तळघरात चार जीव श्वास रोखून बसले होते, तेव्हा वर रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.